शेऱ्याचा रिकामा रकाना

निविदा हरलेल्या माणसाचं म्हणणं आपल्याकडं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. काम मिळालं नाही म्हणून बोंब मारतोय, एवढं म्हटलं की विषय मिटतो. त्यात तो कोर्टात गेला तर विचारूच नका. नातेवाईक, बँकेतले ओळखीचे, याच धंद्यात केस पांढरे झालेले लोक, सगळ्यांचं एकमत होतं की याची पुढची कामं गेली आणि दोष त्याचाच.

मला हे मान्य नाही. एखाद्या सरकारी कामासाठी चार प्रस्ताव आले, तर त्यांचं मूल्यमापन नीट झालं का हे मुळातून तपासण्याची गरज आणि कुवत दोन्ही असलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे हरलेला. ज्याला काम मिळालं त्याला गुणपत्रक पुन्हा वाचायचं कारण नाही. कार्यालयाला फाईल पुढं सरकवायची असते. लेखापरीक्षण होतं ते काम संपून बिलं निघाल्यावर. आणि ज्यांच्या पाणीपट्टीतून हे पैसे जातात त्यांच्यापर्यंत तो कागद पोचतच नाही. म्हणजे हरलेल्यानं तोंड मिटलं की त्या गुणपत्रकाला वाचकच उरत नाही.

मी स्थापत्य अभियंता आहे. लातूरला माझी आणि माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची छोटी सल्लागार संस्था आहे. जमिनीखालच्या जलवाहिन्या शोधणं, त्यांचे नकाशे करणं, गळती कुठं आहे ते सांगणं, हे आमचं काम. या कामाकडं मी कशी वळले हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलेलं होतं आणि टाक्यांवर जमावबंदीचा आदेश होता. त्या दिवसांत शहरात राहिलेल्या कुणालाही नळाला पाणी येणं ही साधी गोष्ट वाटत नाही. आणि जलवाहिन्यांचं काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते: धरणात असलेलं पाणीसुद्धा सगळं घरापर्यंत येत नाही. पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय मार्गदर्शिकेत गळती आणि हिशेबाबाहेरचं पाणी १५ टक्क्यांच्या आत धरून योजना आखायची असते. आमच्याकडच्या जुन्या गावठाणांतल्या, गंजलेल्या, दर पन्नास पावलांवर बेकायदा जोड मारलेल्या वाहिन्या पाहिल्या की तो आकडा कागदावरच राहतो.

तर मराठवाड्यातल्याच एका नगर परिषदेनं अशा सर्वेक्षणासाठी प्रस्ताव मागवले. गावाला तेव्हा दहाव्या दिवशी पाणी येत होतं. आम्ही प्रस्ताव भरला. आणखी तीन संस्थांनी भरले.

इथं थोडं थांबून पद्धत सांगायला हवी, कारण सगळा वाद तिच्यात आहे. रस्त्याच्या किंवा नालीच्या कामात साधारणपणे जो पात्र आहे आणि ज्याचा दर सगळ्यांत खाली, त्याला काम मिळतं. तिथंही गैरप्रकार होतात, पण दर हा आकडा असतो, तो सगळ्यांना दिसतो. सल्लागाराचं काम फक्त दरावर दिलं तर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट माणूस पदरात पडतो. म्हणून तिथं गुणवत्ता आणि दर दोन्ही मिळून निवड होते. आधी लिफाफा क्रमांक एक, म्हणजे तांत्रिक प्रस्ताव, उघडायचा, त्याला १०० पैकी गुण द्यायचे. मग दराचा लिफाफा उघडायचा, सगळ्यांत कमी दराला १०० गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. मग ७० टक्के वजन तांत्रिक गुणांना, ३० टक्के दराला. केंद्राच्या वित्तीय नियमांत तांत्रिक बाजूचं वजन ८० टक्क्यांपर्यंत नेता येतं.

पद्धत चांगली आहे. मी तिच्या बाजूची आहे. पण तिच्यात एक धोका आहे आणि तो सोप्या आकड्यांत सांगता येतो. समजा, एकीचा दर ५० लाख आणि दुसरीचा ४० लाख. पहिलीला तांत्रिक गुण ९०, दुसरीला ७०. पहिलीची बेरीज ६३ अधिक २४, म्हणजे ८७. दुसरीची ४९ अधिक ३०, म्हणजे ७९. दहा लाख जास्त मागूनही काम पहिलीला, आणि ते रास्त आहे, कारण ती खरोखरच सरस आहे. आता पहिलीला ९० ऐवजी ७८ गुण धरा. तिची बेरीज होते ७८.६. काम दुसरीला. म्हणजे १२ गुणांनी दहा लाखांचा निकाल फिरला. आणि बहुतेक निविदांमध्ये ‘सादरीकरण’ नावाच्या एकाच शीर्षकाला १५ किंवा २० गुण ठेवलेले असतात. समितीसमोर पंधरा-वीस मिनिटं बोलायचं, पडद्यावर चित्रं दाखवायची, त्यातले किती गुण कशासाठी हे कुठंच लिहिलेलं नसतं.

आमच्या बाबतीत सादरीकरणाला २० गुण होते. आम्हाला ८ मिळाले, निवडलेल्या संस्थेला १८. दुसरी बाब अनुभवाची. निविदेत छापलं होतं की शासकीय, निमशासकीय किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेकडचं पूर्ण झालेलं समान स्वरूपाचं प्रत्येक काम म्हणजे ५ गुण, कमाल २०. आम्ही चार कामांचे दाखले जोडले होते. गुण मिळाले १०. दोन मोठ्या ग्रामपंचायतींचे दाखले कुठं गेले ते कळत नव्हतं. ग्रामपंचायत ही स्थानिक स्वराज्य संस्था आहे यावर तर वाद होऊ शकत नाही; ७३ व्या घटनादुरुस्तीनं, १९९२ सालीच, तिला राज्यघटनेत जागा दिली आहे.

महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदांच्या संकेतस्थळावर जे दिसतं ते फार थोडं असतं. कोण पात्र, कोण अपात्र, एकूण गुण, आणि समितीच्या सह्यांचा स्कॅन केलेला एक तक्ता. त्या तक्त्याला शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना होता. चारही संस्थांसमोर तो रिकामा होता.

निवडलेली संस्था वाईट नव्हती. पुण्याकडची, चांगलं नाव असलेली, आमच्यापेक्षा मोठी. त्यांनी काही लबाडी केली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. कदाचित १८ गुण त्यांचा हक्कच असेल. ‘कदाचित’ हा शब्द मला वापरावा लागतो, एवढीच माझी तक्रार होती.

आमच्या कार्यालयात अधूनमधून एक अप्पा येतात. औशाकडचे जुने गुत्तेदार, कालव्याची, रस्त्याची कामं करून मोठे झालेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना तो तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाले, “ताई, कशाला नादी लागायलाव? एक काम गेलं, चार येतील. खात्यासंगं भांडलेला गुत्तेदार मी तर सुखात बघितला नाही.”

हे भित्रेपणाचं बोलणं नव्हतं. लहान गुत्तेदाराचा जीव कुठं अडकलेला असतो ते ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच कळेल. मागच्या कामाचं शेवटचं बिल त्याच टेबलावर पडलेलं असतं. सुरक्षा ठेव दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामात निघालेले दोष गुत्तेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत त्याच कार्यालयाकडं असते. मोजमाप पुस्तिकेवर सही करणारा अभियंता तोच, मुदतवाढ देणारा तोच, काम पूर्ण झाल्याचा दाखला देणाराही तोच. आणि तो दाखला नसेल तर पुढच्या निविदेत अनुभवाचे गुण नाहीत. घरातल्या लग्नाचं, पोराच्या फीचं, मजुरांच्या आठवड्याच्या पगाराचं गणित त्या बिलावर बांधलेलं असतं. अशा माणसाला ‘हक्कासाठी भांड’ असं सांगणं सोपं आहे. अप्पांनी आयुष्यभर जे केलं ते त्यांच्या जागी मीही केलं असतं. माझं त्या नगर परिषदेकडं एक रुपयाही अडकलेला नव्हता, म्हणून मी विचारू शकले. ज्याला विचारायची खरी गरज आहे त्याला विचारणं परवडत नाही, हे या व्यवस्थेचं सगळ्यांत मोठं दुखणं आहे आणि त्याबद्दल आपल्याकडं फार कमी बोललं जातं.

शिवाय मी लातूरकर आहे. या शहराची ओळख परीक्षेच्या गुणांनी झालेली आहे. लातूर पॅटर्नच्या गावात बारावीच्या मुलाला एका विषयात अपेक्षेपेक्षा चार गुण कमी पडले तर आई-वडील काय करतात? उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतात. शिक्षकाकडं घेऊन बसतात. कुठल्या प्रश्नाला किती, का कापले, बेरीज बरोबर आहे का, सगळं बघतात, आणि मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतात. त्या मुलाला कुणी ‘रडका’ म्हणत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली हक्क आहे. पोराच्या चार गुणांसाठी आपण जे सहज करतो, ते गावाच्या पाण्याच्या कामासाठी केलं तर ते भांडण कसं ठरतं?

मी आधी साधं पत्र लिहिलं. आमच्या प्रस्तावाचं मुद्देनिहाय गुणपत्रक द्या, दोन दाखले का धरले नाहीत त्याचं कारण द्या. उत्तर आलं नाही. पत्राला उत्तर येण्याआधी कार्यारंभ आदेश निघाला. मग माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पहिलं उत्तर आलं की माहिती त्रयस्थ पक्षाची व व्यापारी गोपनीयतेची असल्यानं देता येत नाही. माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८(१)(घ) चा हा आधार मी अनेकांच्या अर्जांवर पाहिलेला आहे. दुसऱ्या संस्थेची कार्यपद्धती, तिच्या माणसांचे पगार, हे व्यापारी गुपित असू शकतं, ते मला नकोच होतं. पण समितीनं दिलेले गुण हे कुणाच्या धंद्याचं गुपित कसं? ते समितीचं स्वतःचं काम आहे, लोकांच्या वतीनं केलेलं. प्रथम अपिलात थोडा कागद हाती आला. त्यातही कारण नव्हतंच, कारण ते लिहिलेलंच नव्हतं.

मग उच्च न्यायालयाचं खंडपीठ. मराठवाड्यातल्या लोकांना या खंडपीठाचं मोल वेगळं आहे. १९५६ पर्यंत आमचं उच्च न्यायालय हैदराबादला होतं, मग मुंबईला गेलं, आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून ते छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, बसू लागलं. त्यालाही आव्हान दिलं गेलं आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. रात्रीच्या एसटीनं निघून सकाळी जालना रोडवर उतरता येतं आणि संध्याकाळी परतता येतं, ही सोय नसती तर माझ्यासारखीनं याचिकेचा विचारही केला नसता.

ज्या वकीलसाहेबांकडं गेले त्यांनी कागद चाळून पहिलं वाक्य जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. “आम्हाला जास्त गुण मिळायला पाहिजे होते, हे तिथं बोलायचंच नाही.”

कायदा तसाच आहे. १९९४ चा टाटा सेल्युलरचा निकाल या विषयातला पाया मानतात. मोबाईल फोन आपल्याकडं येत होते, चार महानगरांच्या परवान्यांवरून वाद होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न्यायालय निर्णयावर अपील ऐकायला बसत नाही, निर्णय कसा घेतला गेला ते पाहतं. २००७ च्या जगदीश मंडल प्रकरणात तर दोनच प्रश्न ठेवले: प्रक्रिया मनमानी किंवा दुष्ट हेतूची होती का, आणि लोकहिताला धक्का बसतो का. त्याच निकालात हरलेल्या निविदाकारांचा दुखावलेला अहंकार आणि धंद्यातली चुरस यांवर न्यायालयानं कडक शब्द वापरले आहेत. २०१६ मध्ये नागपूर मेट्रोच्या प्रकरणात, जिथं ॲफकॉन्स ही बांधकाम कंपनी एक पक्षकार होती, सांगितलं गेलं की निविदेचा मसुदा ज्यानं लिहिला त्यालाच तिचा अर्थ सगळ्यांत चांगला कळतो. त्यानं लावलेला अर्थ उघडउघड विपरीत नसेल तर न्यायालयानं आपला अर्थ लादू नये.

हे वाचताना पहिल्यांदा मला राग आला होता. नंतर पटलं. न्यायाधीशांनी गळतीशोधाच्या दोन पद्धतींतली कुठली सरस हे ठरवू नये, हे बरोबरच आहे. पण याच निकालांच्या शेजारी दुसरे निकाल उभे आहेत आणि ते आमच्यासारख्यांनी पाठ करायला हवेत. १९७९ चं रमणा दयाराम शेट्टी प्रकरण मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाच्या आणि दोन अल्पोपहार केंद्रांच्या ठेक्याचं होतं. जाहिरातीत अट होती नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक आणि किमान पाच वर्षांचा अनुभव. काम मिळालं अशा माणसाला जो या अटीत बसत नव्हता. न्यायमूर्ती भगवती यांनी तत्त्व घालून दिलं की शासनानं जो निकष स्वतः जाहीर केला त्याला ते बांधलेलं आहे. तो सोडला तर राज्यघटनेच्या कलम १४ चा, समानतेचा, भंग होतो. १९९७ च्या दत्ता असोसिएट्स प्रकरणात आसाम सरकारनं दर पारखण्यासाठी अशी एक पट्टी वापरली होती जी निविदेत कुणाला सांगितलेलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं नव्यानं निविदा काढायला लावली. आणि १९७८ च्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलेलं सूत्र मला सगळ्यांत जवळचं वाटतं. आदेशात जी कारणं आहेत त्यांवरच तो उभा राहिला पाहिजे, नंतर शपथपत्रात नवी कारणं घालून त्याला टेकू देता येणार नाही.

रिकाम्या रकान्याचं उत्तर इथं आहे. कारण त्याच दिवशी, त्याच कागदावर लिहिलेलं हवं.

रमणा शेट्टी प्रकरणाची दुसरी बाजूही वकीलसाहेबांनी लपवली नाही. एवढं मोठं तत्त्व मांडून न्यायालयानं त्या याचिकाकर्त्याला दिलासा दिला नाही. तो उशिरा आला होता, मधल्या काळात ठेकेदारानं पैसे घालून काम सुरू केलं होतं, आणि याचिकाकर्त्याचा स्वतःचा खरा हितसंबंधही न्यायालयाला दिसला नाही. देशभरच्या निविदाकारांना जे हत्यार मिळालं ते मिळवणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही.

आता स्थगिती मागायची का, हा प्रश्न आला. याचिकेत अंतरिम स्थगितीची मागणी घालणं ही रीतच आहे. ती मिळाली नाही तर अंतिम सुनावणीपर्यंत काम संपून जातं आणि याचिकेत जीव राहत नाही. पण मी त्या गावात सर्वेक्षणासाठी फिरलेली होते. प्रस्ताव लिहिण्याआधी गल्ल्यांतून चाललेली होते. उंबऱ्याशी ओळीनं लावलेले ड्रम, टाकीतलं पाणी आज येणार की उद्या याची वाट बघत कामावर न गेलेल्या बाया, हे पाहिलेलं होतं. उन्हाळा तोंडावर होता. सर्वेक्षण थांबवलं तर दुरुस्ती थांबणार, आणि गळणारं पाणी गळतच राहणार. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलं आहे की अशी कामं अडवण्याऐवजी चूक सिद्ध झाली तर नुकसानभरपाईकडं पाहावं. नुकसानभरपाई मिळवायला आणखी किती वर्षं दिवाणी न्यायालयात जातात ते सोडून देऊ. पण गावाचं पाणी माझ्या गुणपत्रकासाठी थांबवायचं नाही, यावर आमच्या दोघींचं एकमत झालं. वकीलसाहेब म्हणाले, यानं तुमची बाजू कमजोर होते. होऊ द्या म्हटलं. स्थगिती मागितली नाही. मूळ फाईल न्यायालयासमोर आणावी आणि आमच्या निवेदनावर कारणांसह निर्णय द्यावा, एवढंच मागितलं.

सुनावणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खंडपीठाच्या बोर्डावर आमचा नंबर कधी लागला, कधी नाही. नगर परिषदेच्या वकिलांनी वेळ मागितला, मिळाला. शेवटी फाईल आली. सादरीकरणाच्या २० गुणांची आतली विभागणी त्यात कुठंच नव्हती, हे न्यायमूर्तींनी स्वतः पानं उलटून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला: हे आठ आणि अठरा कशावरून? उत्तर आलं की ते समितीच्या तज्ज्ञ मतावरून. आदेश छोटा होता. काम सुरू असल्यानं त्यात हस्तक्षेप नाही, याचिकाकर्त्यांच्या निवेदनावर चार आठवड्यांत कारणांसह निर्णय द्यावा, याचिका निकाली.

कारणं आली. दीड पानाचं पत्र होतं. ग्रामपंचायतींचे दोन दाखले नजरचुकीनं धरले गेले नाहीत हे त्यात मान्य केलेलं होतं. सादरीकरणाबद्दल एक परिच्छेद होता, त्यात आमच्या वेळापत्रकाबद्दल एक आक्षेप होता आणि तो मी प्रामाणिकपणे विचारात घेतला. पण वीसपैकी बारा गुण कापण्याइतका तो कसा, याचा हिशेब त्यात नव्हता. दाखल्यांचे दहा गुण धरले असते तर निकाल फिरला असता की नाही, ते मी इथं लिहिणार नाही. काम त्या संस्थेनं पूर्ण केलं आणि तिला तिच्या कामाचा मान आहे.

हे सगळं चालू असताना मी बाहेर कुठं काय होतं ते वाचत होते. अमेरिकेत हरलेल्या प्रस्तावकाराला संघ सरकारच्या ठेक्याविरुद्ध गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेकडं दाद मागता येते. आक्षेपाचं कारण कळल्यापासून सर्वसाधारणपणे दहा दिवसांत तक्रार करायची. ती वेळेत आली तर १९८४ च्या कायद्यानुसार ठेका आपोआप थांबतो. आणि १०० दिवसांच्या आत निकाल द्यावाच लागतो. त्याआधी हरलेल्यानं मागितलं तर कार्यालय त्याच्या प्रस्तावात काय कमी पडलं ते त्याला सांगतं. ती संस्थासुद्धा गुण स्वतः पुन्हा देत नाही. मूल्यमापन वाजवी होतं का आणि जाहीर निकषांप्रमाणे झालं का, एवढंच पाहते. म्हणजे तपासणीची मोजपट्टी आमच्या उच्च न्यायालयाच्या मोजपट्टीपासून फार लांब नाही. तिथं दाद मागायची जागा ठरलेली आहे, मुदत ठरलेली आहे, आणि कारण सांगणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे.

पण एवढ्या लांब जायची गरजच नाही. उदगीरहून बिदर किती लांब आहे? उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. आजही सोयरिकी दोन्हीकडं आहेत, बाजार दोन्हीकडं आहे, गुत्तेदार दोन्हीकडं कामं करतात. त्या बाजूला कर्नाटकाचा सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा १९९९ चा कायदा लागू आहे, आणि त्याच्या कलम १६ मध्ये निविदा मंजुरीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करण्याची सोय आहे. तमिळनाडूनं त्याच्याही आधी, १९९८ मध्ये असा कायदा केला. राजस्थाननं २०१२ मध्ये केला. त्याच वर्षी केंद्रात सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, त्यात स्वतंत्र तक्रार निवारणाची तरतूद होती. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते विधेयक बारगळलं. महाराष्ट्रात खरेदी चालते ती शासन निर्णयांवर आणि नियमपुस्तिकेवर. ज्या राज्यानं माहिती अधिकाराच्या चळवळीत पुढाकार घेतला, केंद्राच्या आधी स्वतःचा कायदा केला, त्या राज्यात हरलेल्या निविदाकारानं पहिलं पाऊलच उच्च न्यायालयात टाकावं, हे मला लागतं. औशाचे अप्पा उच्च न्यायालयात जाणार नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी, त्या खात्याच्या बाहेरच्या अधिकाऱ्यापुढं, वकिलाशिवाय, ठराविक मुदतीत दाद मागता आली तर ते जातील.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक कामावर तक्रारी येतील आणि कामं रखडतील. ही भीती खोटी नाही. मराठवाड्यात रखडलेल्या पाणी योजनांची यादी करायला बसलं तर दिवस पुरणार नाही. पण त्या रखडल्या त्या हरलेल्यांच्या अपिलांनी नव्हे, तर निधी, भूसंपादन, वीजजोडणी आणि चुकीच्या माणसाला दिलेल्या कामांमुळं. तीस दिवसांची वाट पाहून नीट निवडलेला सल्लागार गावाचे पुढचे कितीतरी उन्हाळे वाचवू शकतो.

यंदा त्याच नगर परिषदेची वितरण व्यवस्थेच्या आराखड्याची नवी निविदा निघाली. सादरीकरणाच्या गुणांची विभागणी तिच्यात छापलेली आहे: कार्यपद्धती ८, स्थानिक परिस्थितीची जाण ६, मनुष्यबळ ६. निविदापूर्व बैठकीला मी गेले आणि तीन मागण्या लेखी दिल्या. प्रत्येक मुद्द्यापुढं कारण लिहिलेलं तांत्रिक गुणपत्रक दराचा लिफाफा उघडण्यापूर्वी संकेतस्थळावर टाकावं. त्यावर आक्षेप घ्यायला तीन कामाचे दिवस द्यावेत. आणि आक्षेपाचा निर्णय मूल्यमापन समितीत नसलेल्या, दुसऱ्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यानं करावा. शुद्धिपत्रकात पहिल्या दोन मागण्यांपुढं ‘मान्य’ असं आलं. तिसरीपुढं ‘शासन स्तरावरील बाब’. म्हणून तिसऱ्या मागणीचं सविस्तर पत्र मी मंत्रालयात पाठवलं आहे, एक प्रत आमच्या आमदारांना दिली आहे, आणि सोबत कर्नाटकाच्या कायद्यातलं कलम १६ मराठी करून जोडलं आहे. अप्पांनी त्या पत्रावर सही केली.